परभाषेतील गायन आणि अभंग

अमेरिकन जॅझ गायक नॅट किंग कोल याने १९५८ साली स्पॅनिश गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यास ती भाषा अवगत नव्हती. उच्चार त्याने ऐकून घोटविले होते. तरीही लॅटिन अमेरिकेत तिचे स्वागत झाले. तेव्हा परभाषेतील गायनास उच्चारशुद्धी ही एकमेव कसोटी लावता येत नाही.

गदगचे पं. भीमसेन जोशी यांची मातृभाषा कन्नड. परंतु ते पुण्यात स्थायिक झाले आणि मराठी अभंग त्यांनी समजून गायिले. त्यांच्याबाबत प्रश्न उच्चाराचा नसून शब्दाच्या स्थानाचा आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून निमगाव केतकीमार्गे इंदापुरास जाते. त्या वाटेवर अभंग पावलांच्या लयीने चालतो. शब्द सर्वांच्या मुखी असतो. मैफलीत मात्र आलाप-तानांमुळे तो क्वचित मागे पडतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेल्या नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल’मध्ये प्रत्येक विस्तार नामापाशीच परततो, आणि ते नाम श्रोत्यास आधीच पाठ असते. येथे रागविस्तार शब्दास बाधक न होता पोषक ठरतो. परभाषेतील गायकाची खरी परीक्षा, पदे ज्यांच्या नित्यपाठात आहेत अशा श्रोत्यांपुढेच होते. भीमसेन तीत उतरले.