सारखा प्रश्न म्हणजे तोच प्रश्न नव्हे

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव बाजार समितीत लिलावाच्या दर दिवशी कांद्याची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर नोंदले जातात. संगणकात अशी माहिती तक्त्यांच्या रूपात असते. ती मिळवायची तर एसक्यूएलसारख्या काटेकोर भाषेत आज्ञा लिहावी लागते. साध्या भाषेतील प्रश्नावरून यंत्रानेच ही आज्ञा तयार करावी, ही कल्पना जुनी आहे. १९७१ साली ‘लूनर’ ही प्रणाली चांद्रखडकांविषयीच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तरे देत होती. तिच्यासाठी व्याकरणाचे नियम माणसांनी लिहिले होते.

आता वेगळी रीत रूढ होत आहे. पूर्वीचे प्रश्न आणि त्यांच्या तपासलेल्या आज्ञा यांचा साठा करतात. नवा प्रश्न आला की त्याच्याशी मिळतेजुळते काही जुने प्रश्न निवडून ते नमुन्यादाखल भाषा-प्रारूपापुढे ठेवतात. त्यावरून ते नवी आज्ञा लिहिते. रीत उपयुक्त आहे. प्रारूपाला पुन्हा शिकवावे लागत नाही. चुकलेली आज्ञा सुधारून साठ्यात घातली की पुढच्या वेळी ती कामी येते. आमचा आक्षेप आहे तो ‘मिळतेजुळते’ या शब्दाला.

‘उन्हाळ्यात कांद्याला काय भाव होता?’ आणि ‘उन्हाळ कांद्याला काय भाव होता?’ हे प्रश्न पाहा. शब्दांत फरक नाममात्र. पण पहिल्यात महिने निवडायचे आहेत, दुसऱ्यात कांद्याचा प्रकार. उन्हाळ कांदा तर चाळीत साठवून पावसाळ्यातही विकतात. नमुना चुकीचा उचलला गेला तरी यंत्र अडत नाही. ते एक आकडा देते, आणि तो खराच वाटतो.

‘सरासरी’चेही तसेच. समजा, एके दिवशी १००० क्विंटल कांदा क्विंटलला २००० रुपयांनी आणि दुसऱ्या दिवशी १०० क्विंटल ३००० रुपयांनी विकला गेला. दरांची साधी सरासरी २५०० रुपये. आवक हिशेबात घेतली तर सुमारे २०९१. साठ्यातील जुन्या आज्ञेत पहिली रीत असेल, तर नवी उत्तरेही तिचीच री ओढतील. कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला चारशे रुपयांचा हा फरक परवडणारा नाही.

अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेला विद्यार्थी ओळखीचे शब्द दिसताच जुने उत्तर लिहितो, हे शिक्षकांना सांगायला नको. अशा यंत्राचीही परीक्षा शब्दांनी सारख्या पण अर्थाने वेगळ्या प्रश्नांच्या जोड्या देऊनच घ्यावी. शिवाय कोणता प्रकार, कोणते दिवस आणि कोणती सरासरी धरली, हे त्याने आकड्याबरोबर मराठीत सांगावे. अशा जोड्या विद्यार्थ्यांकडून वर्गातही तयार करून घेता येतील.