लॅब बघायला जाल तेव्हा काय बघाल?

पेट किंवा नेट-सेट झाली, आता गाइड आणि लॅब शोधायची, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. गाइडचे पेपर सगळेच वाचतात. आज मी इमारतीबद्दल लिहिते. विषय रुक्ष वाटेल, पण जीवशास्त्रात किंवा वैद्यकीय संशोधनात उतरणार असाल तर तुमची चार-पाच वर्षं यावर अवलंबून आहेत.

आधी माझी गोष्ट. पीएचडीचं दुसरं वर्ष. काम एका संस्थेत चालू होतं, नाव महत्त्वाचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये नमुने ठेवून घरी गेले. सोमवारी सकाळी फ्रीझरखाली पाणी साचलेलं. आत साठ बायकांच्या रक्ताचा सीरम होता. आशाताईंबरोबर गावोगाव फिरून, प्रत्येकीला संमतीपत्र वाचून दाखवून ते रक्त गोळा केलं होतं. एका आजींनी विचारलं होतं, "ह्येचा कुनाला उपयोग हुईल न्हवं, बाळ?" मी हो म्हणाले होते.

मग चौकशी झाली. विभाग म्हणाला, वीज इस्टेटकडे. इस्टेटवाले म्हणाले, वीज होती, यंत्र बिघडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, एएमसी आठ महिन्यांपूर्वीच संपली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र फ्रीझर 'चालू स्थितीत' होता. गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. त्या खोलीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर नव्हती, एवढंच.

कारण साधं होतं. फ्रीझर आतली उष्णता काढून खोलीत सोडतो. असे तीन फ्रीझर एका छोट्या खोलीत भिंतीला चिकटवून ठेवले, एसी बंद पडला आणि कंडेन्सरचा फिल्टर धुळीने भरला, की कॉम्प्रेसर सतत पळतो आणि एक दिवस थांबतो. म्हणजे चूक यंत्राच्या आधी जागावाटपात झाली होती. "कोपरा रिकामा आहे, तिथे ठेवा," असं कोणीतरी म्हणालं होतं.

आता आपल्याकडे हे मोजतात कसं ते बघा. नॅकच्या आतापर्यंतच्या चौकटीत विद्यापीठांसाठी चौथा निकष पायाभूत सुविधांचा, १००० पैकी १०० गुणांचा. त्यातला ४.४ हा भाग देखभालीचा. तिथे दोन गोष्टी विचारतात. पगार सोडून देखभालीवर किती टक्के खर्च झाला, आणि देखभालीची ठरलेली पद्धत काय आहे. देखभालीला वेगळा रकाना दिला, हे चांगलंच. नाहीतर आपल्याकडे उद्घाटनाचा फोटो असतो, फिल्टर बदलल्याचा नसतो.

पण ती टक्केवारी नीट वाचा. दर्शनी भिंत रंगवली तरी टक्का वाढतो. एकच कॉम्प्रेसर वर्षात तीनदा जळला आणि तीनदा दुरुस्त केला तरी वाढतो. उलट फिल्टर वेळेवर साफ झाला आणि काहीच बिघडलं नाही, तर खर्च कमी, टक्काही कमी. म्हणजे चांगली देखभाल या आकड्यात दिसतच नाही. दुसऱ्या प्रश्नाला 'समिती गठित केली आहे' असं उत्तर लिहिता येतं. फ्रीझर वर्षात किती दिवस बंद होता, हे कोणी विचारत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे: आपण पैसे आणि चौरस फूट मोजतो, चालू दिवस मोजत नाही.

"संशोधन माणसं करतात, भिंती नाही," असं सिनियर लोक सांगतील. उदाहरण म्हणून हाफकिनचं नाव हमखास येतं. ते खरंही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट लॅबोरेटरीत अगदी तुटपुंजी जागा मिळाली होती. तिथे त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे गव्हर्नरांच्या राजवाड्यात गेली. जागा प्रचंड वाढली. आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला परळहून गेलेल्या एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली परळलाच दूषित झाली की मुल्कोवालला उघडताना, यावर वाद झाला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. त्यांची बाजू मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं.

या गोष्टीतून मला जे दिसतं ते असं: छोट्या जागेत मोठं काम होऊ शकतं आणि राजवाड्यातल्या कामावरही संशय येऊ शकतो. शेवटी प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या टप्प्यावर कोणी काय केलं आणि ते लिहिलेलं आहे का.

कोल्हापूरपुरतं बोलायचं तर जागेची ओरड फारशी खरी नाही. एकट्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५० एकरांच्या आसपास आहे. अवघड आहे ते हवा, पाणी आणि वीज सांभाळणं. आपला पावसाळा माहीतच आहे. फ्रीझरच्या दाराच्या रबरावर बर्फ चढतो, इन्क्युबेटरमध्ये बुरशी येते, अ‍ॅनिमल हाउसमधली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत ठेवताना दमछाक होते. २०१९ च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली, गावभर पाणी आणि नळ कोरडे. ऑटोक्लेव्ह कशावर चालवणार? त्या मानाने विद्यापीठातल्या सैफ-सीएफसीसारख्या सामाईक केंद्रांची पद्धत मला पटते. यंत्र एका ठिकाणी, नमुन्यामागे शुल्क. त्यामुळे यंत्र बंद पडलं की लगेच बोंब होते. कुलूप लावलेल्या खोलीत, संपलेल्या प्रोजेक्टचं यंत्र वर्षानुवर्षं बंद असलं तरी कोणाला कळत नाही.

तर लॅब बघायला जाल तेव्हा एवढं करा. फ्रीझरचं तापमान लिहायची वही मागा, आणि शनिवार-रविवारच्या नोंदी आहेत का बघा. रात्री अलार्म वाजला तर फोन कोणाला जातो, हे नावासकट विचारा. बायोसेफ्टी कॅबिनेट दाराजवळ किंवा पंख्याखाली असेल तर सावध व्हा. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानेच आत जाते, कोणी घाईत बाजूने गेलं तरी ती विस्कटते. कपाटांनी कॉरिडॉर अडवलाय का बघा, आग लागली तर तोच रस्ता आहे. आणि शेवटी तिथल्या लॅब अटेंडंटबरोबर चहा घ्या. इमारतीची खरी माहिती त्यांच्याकडे असते.

यातली काही उत्तरं वाईट आली म्हणून लॅब सोडू नका, तेवढी चैन आपल्याला परवडत नाही. पण पहिल्याच महिन्यात नमुने दोन फ्रीझरमध्ये विभागून ठेवा आणि ते शक्यतो वेगवेगळ्या लाइनवर असू द्या. मी तसं केलं असतं तर निम्मे वाचले असते. त्या आजींच्या गावी मी परत गेले, झालं ते सांगितलं आणि पुन्हा रक्त मागितलं. त्यांनी दिलं. सगळ्यांनी दिलं नाही.