पाठलागाचे व्याकरण

चित्रपटातील मोटारींचा पाठलाग हा निव्वळ करामतीचा भाग होय, असे समजण्याची प्रथा आहे. वेग जितका अधिक आणि मोडतोड जितकी मोठी तितका पाठलाग प्रभावी, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः ‘पाठलाग’ ह्या मराठी शब्दात वेगाचा निर्देशच नाही. एकाची पाठ आणि दुसऱ्याचे तिला लागणे, एवढा संबंध तेवढा त्यात आहे. पाठलागाची स्मरणीयता ह्या संबंधाच्या स्पष्टतेवर अवलंबून असते, हे दोन चित्रपटांच्या आधारे दाखविता येते.

पीटर येट्स यांच्या ‘बुलिट’मध्ये (१९६८) सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर मारेकऱ्यांची काळी डॉज चार्जर पोलीस अधिकारी बुलिटच्या हिरव्या फोर्ड मस्टँगच्या मागावर असते. बुलिट दिसेनासा होतो आणि थोड्याच वेळात मारेकऱ्यांच्या आरशात मस्टँग प्रकटते. शब्द एकही उच्चारला जात नाही. तरीही कर्ता आणि कर्म ह्यांची अदलाबदल झाल्याचे प्रेक्षकास कळते. मारेकरी आसनाचा पट्टा आवळतो, गाडी उसळते आणि लालो शिफ्रिन यांचे संगीत थांबते. पुढे केवळ इंजिनांचा आणि टायरांचा आवाज उरतो. खरा निर्णायक क्षण वेग वाढण्यापूर्वीच, त्या आरशात, येऊन गेलेला असतो.

ह्या प्रसंगात दोष नाहीत असे नव्हे. एकच हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हा मागे टाकली जाते. चार्जरच्या चाकांवरील टोप्या चारांहून अधिक वेळा निखळतात. रस्त्यांचा क्रमही शहराच्या नकाशाशी जुळत नाही. परंतु हे दोष तपशिलाचे आहेत, अन्वयाचे नाहीत. कोण कोणाच्या मागे आहे, ह्याविषयी संदेह कोठेही उत्पन्न होत नाही. ह्या चित्रपटाच्या संकलनासाठी फ्रँक केलर यांना मिळालेले ऑस्कर पारितोषिक म्हणूनच सार्थ वाटते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ड्युएल’ (१९७१) ह्या दूरचित्रवाणीपटात हाच अन्वय वेगळ्या रीतीने योजिलेला आहे. लाल प्लिमथमधून जाणाऱ्या डेव्हिड मान ह्याच्या पाठीस एक अवजड टँकर लागतो. चालकाचा हात दिसतो, बूट दिसतात. मुखदर्शन होत नाही. कर्ता अनुक्त ठेवल्यामुळे क्रियेचे सारे कर्तृत्व त्या वाहनाकडे जाते आणि भय दुणावते. तोच हात मानला पुढे जाण्याची खूण करतो, आणि समोरून दुसरी मोटार येत असते. खुणेचा संकेत मोडल्याचा हा धक्का कोणत्याही अपघाताहून भेदक आहे. मात्र मानच्या मनातील विचार ध्वनिपट्टीवर ऐकविण्याची योजना उणी ठरते. चित्राने जे आधीच सांगितले, त्याचीच ते शब्द पुनरुक्ती करतात.

सारांश, पाठलागाचे मूल्यमापन करताना गाडीचा वेग वा मोडलेल्या काचा मोजणे पुरेसे नाही. पाठ कोणाची आणि लाग कोणाचा, हे जेथे क्षणभरही अस्पष्ट होत नाही, तेथे संथ चाललेली मोटारही श्वास रोधून धरावयास लावते; जेथे ते हरवते, तेथे केवळ धावपळ उरते.