‘रूट्स’मधील पूर्वज : स्मृती आणि दस्तऐवज

अ‍ॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यावरील दूरचित्रवाणी मालिका सलग आठ रात्री दाखविली गेली. आईच्या घराण्याचा शोध घेताना हेली ज्या मूळ पुरुषापाशी पोहोचले, तो कुंता किंते गांबिया नदीकाठच्या जुफुरे गावचा मंडिन्का मुसलमान होय. या पुस्तकाने असंख्य सामान्य कुटुंबांना आपल्या वाडवडिलांची चौकशी करावयास लावले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो सिद्धतेच्या दाव्याचा.

गुलामांच्या वंशजांना दप्तराचा आधार फार थोडा. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई. वय, लिंग, वर्ण लिहिले जाई, नाव बहुधा नाहीच. बहुसंख्यांची नावे प्रथम १८७० साली नोंदली गेली. म्हणून आजीकडून ऐकलेल्या मोजक्या शब्दांना हेलींच्या लेखी मोल आले. तंतुवाद्याला ‘को’, नदीला ‘कांबी बोलोंगो’, आणि ढोलासाठी लाकूड तोडावयास गेलेला पूर्वज पकडला गेल्याची हकिकत, एवढीच ही शिदोरी.

खरी अडचण १९६७ साली जुफुरेत सुरू होते. तेथील एका वृद्धाने किंते कुळाची हकिकत सांगितली आणि तीत नेमकी हवी ती गोष्ट आली. हेली काय शोधत आहेत हे यजमानांना आधीच ठाऊक होते. तो वृद्ध परंपरेने वंशकथा सांगणाऱ्यांपैकी नव्हता, हेही पुढे उघड झाले. डोनाल्ड राइट यांनी गांबियात जाऊन केलेले संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले, तेही या साक्षीला प्रतिकूलच ठरले. रावी कोण, त्याने कोणाकडून ऐकले, हे विचारल्याखेरीज कथन न स्वीकारण्याची शिस्त हदीसशास्त्राने फार पूर्वी घालून दिली. राजवाड्यांनीही १८९८ साली बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला तो याच बुद्धीने.

कागदांनीही हेलींना साथ दिली नाही. १७६७ साली अ‍ॅनापोलिसला लागलेले ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाज खरे. १७६८ च्या दस्तातील ‘टोबी’ नावाचा गुलामही खरा. परंतु गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स यांनी १९८१ साली दाखविले की हा टोबी वॉलर घराण्याच्या कागदांत जहाज येण्यापूर्वीपासूनच आहे. मग तो कुंता कसा? संवाद कल्पित असल्याचे हेली स्वतःच सांगतात. वंशावळ मात्र जपलेल्या स्मृतीवर आणि दस्तांवर उभी असल्याचे म्हणतात. त्यामुळे पुस्तकाची परीक्षा वंशावळीवरच व्हावयास हवी. (हॅरॉल्ड कुरलँडर यांच्या कादंबरीतील उताऱ्यांवरून झालेला दावा १९७८ मध्ये तडजोडीने मिटला, तो विषय वेगळा.)

मुस्लिम वाचकाला भावतो तो कुराण शिकलेला, डुकराचे मांस नाकारणारा कुंता. पण आजीकडून आलेले शब्द वाद्याचे, नदीचे, कुळाचे आहेत. कुंताच्या दीनदारीचे तपशील हेलींच्या वाचनातून आणि कल्पनेतून आले असावेत. ते त्या प्रदेशाला अनुरूप आहेत, एवढेच म्हणता येते.

असे पूर्वज खरोखर होते. बुंदूचे अय्यूब सुलेमान दियालो गांबियाच्या काठी पकडले जाऊन मेरीलँडला विकले गेले. त्यांनी वडिलांना लिहिलेले अरबी पत्र इंग्लंडला पोहोचले, सुटका झाली आणि १७३४ साली ते आफ्रिकेस परतले. नॉर्थ कॅरोलायनातील उमर बिन सईद यांनी १८३१ साली गुलामीत असतानाच अरबीत आत्मचरित्र लिहिले. ते हस्तलिखित २०१७ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.