उमेदवाराचे आत्मचरित्र

सोयरीक जुळवायची म्हटली की आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशा करतो. मत देताना मात्र भिंतीवरचा हात जोडलेला फोटो आपल्याला पुरतो! वास्तविक उमेदवाराची कुंडली आता कोणालाही वाचता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते, आणि निवडणूक आयोग ते प्रसिद्ध करतो.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेने मी हे लेखन वाचतो. आत्मचरित्र म्हणून ते मोठे संयमी आहे. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, खटले. आत्मस्तुतीला जागाच नाही. रकाना कोरा ठेवण्याचीही मुभा नाही, असे न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. दोष इतकाच की, त्यात माणूस सापडत नाही. मी स्वतः मॅट्रिक. तेव्हा शिक्षणाच्या रकान्यावरून मी कोणाला जोखणार नाही. खटला चालू असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणेही नव्हे. मोर्चातला खटला निराळा, अपहाराचा निराळा, कलम पाहावे.

खरी गोष्ट उलगडते ती एकाच उमेदवाराची दोन निवडणुकांतली शपथपत्रे शेजारी ठेवली म्हणजे. तेव्हाची मालमत्ता आणि आजची, यांच्यामधले प्रकरण लेखकाने लिहिलेलेच नसते. ते वाचकाने दारी आलेल्या उमेदवाराला विचारायचे असते.

शपथपत्रात खोटे लिहिणाऱ्याला शिक्षा फार तर सहा महिन्यांची कैद, दंड किंवा दोन्ही. न वाचता मत देणाऱ्याला मात्र पाच वर्षांची!