एक वेदी आणि लेव्याची भाकरी

जुन्या करारातील ‘अनुवाद’ हे पुस्तक दयाळू कायद्याचे म्हणून वाखाणले जाते. त्याच्या बाराव्या अध्यायाची आज्ञा अशी : यज्ञबली वाटेल तेथे अर्पू नयेत, परमेश्वर निवडील त्या एकाच स्थानी न्यावेत. तेथल्या आनंदभोजनात दास, दासी आणि गावचा लेवी यांनाही घ्यावे. लेवी म्हणजे वतनाची जमीन नसलेला पुरोहितवंश. सोळाव्या अध्यायात त्याच पंगतीला परका, अनाथ आणि विधवा येऊन बसतात.

हे वाचून मीही प्रथम भारावलो. पण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. कागदावरचा हक्क दारातला माणूस कसा अडवतो, हे मी पुस्तकांच्या आधी शिकलो. म्हणून कायद्याबरोबर त्याचा अंमलही वाचणे मला भाग पडते.

‘निर्गमा’च्या विसाव्या अध्यायात मातीची साधी वेदी देवाला चालत होती, आणि तीही अनेक ठिकाणी. पुढे इ. स. पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले आणि योशिया राजाने गेबापासून बैर-शेबापर्यंतची उच्च स्थाने भ्रष्ट केली. ते पुस्तक म्हणजे ‘अनुवादा’चाच गाभा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वेलहाउझनने १८७८ मध्ये इस्राएलच्या धर्मेतिहासाची मांडणी याच पायावर केली.

गावची वेदी गेली, तसा तिच्यावर जगणाऱ्या लेव्याचा घासही गेला. कायद्याला याची जाण होती. अठराव्या अध्यायात गावच्या लेव्याला त्या एका स्थानी सेवेचा आणि समान वाट्याचा हक्क दिला आहे. प्रत्यक्षात काय घडले? ‘दुसरे राजे’च्या तेविसाव्या अध्यायात नोंद आहे : उच्च स्थानांचे याजक यरुशलेमच्या वेदीपाशी गेले नाहीत, आपल्या भाऊबंदांत बेखमीर भाकरी तेवढी खात राहिले. हक्क वेदीचा होता, हाती आली भाकरी.

उच्च स्थानांचा कैवार मला घ्यायचा नाही; तेथेही पुरोहितशाहीच होती. पण अनाथ-विधवांच्या यादीत लेवी का बसला, याचे उत्तर मला येथे दिसते. ज्याची उपजीविका या कायद्याने काढून घेतली, त्याच्यासाठीच तो दया मागतो. म्हणून अशा कायद्याची थोरवी गाताना त्यात दया किती, एवढेच मोजून भागणार नाही. दयेवर जगण्याची पाळी कुणी आणली, हेही विचारले पाहिजे.