सुचवणे आणि संशय पेरणे

मेहकरला एका इंग्रजी परीक्षणाचा अनुवाद करताना ‘इन्सिन्युएट’ या क्रियापदापाशी मी अडलो. कवीच्या प्रामाणिकपणाविषयी परीक्षणकर्ता काहीतरी ‘इन्सिन्युएट’ करत होता. मी आधी ‘सुचवतो’ असे लिहिले. पण वाचताना वाटले, परीक्षणकर्त्याने जणू एखादी दुरुस्तीच सुचवली आहे.

या शब्दाच्या मुळाशी वळण, वस्त्राची घडी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. वळणे घेत आत शिरणे, हा मूळ भाव. म्हणून कोणी एखाद्याच्या मर्जीत हळूहळू शिरला, तरी इंग्रजी हेच क्रियापद वापरते. ‘इम्प्लाय’च्या मुळाशीही घडीच आहे, पण त्याला हेतू लागत नाही. धूरही अग्नी सूचित करतो. ‘इन्सिन्युएट’ला मात्र माणूस लागतो आणि बहुधा त्याचा हेतू कुत्सित असतो. आपली ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण त्याच्या जवळ जाते. पण तिथे निदान सुनेला आपल्याला लागल्याचे कळते. इथे ज्याच्याविषयी बोलणे चालते, तो अनेकदा समोरही नसतो.

हा प्रश्न केवळ अनुवादाचा नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीला काव्याचा आत्मा मानले. तेव्हापासून जे न बोलता कळते त्याचा आपल्याला अभिमान आहे. ‘सूचक’ हे आपल्या समीक्षेत प्रशस्तिपत्रच असते. पण सूचकतेचे दोन प्रकार आपण वेगळे करत नाही.

याच मेहकरात ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. १९५४चा त्यांचा संग्रह ‘शीळ’; १९८६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ‘खूणगाठी’. दोन्ही नावे न बोलता सांगण्याची आहेत. शीळ कोणाचे नाव घेत नाही. तरी घालणाऱ्याला वाटते, जिच्यासाठी घातली तिने ती ओळखावी. संशय पेरणाऱ्याला मात्र ऐकले जायचे असते, सापडायचे नसते. हा फरक कायद्यानेही ओळखला होता. १८६०च्या दंडसंहितेतील कलम ४९९च्या स्पष्टीकरणानुसार, उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकत असे. आडून बोलल्याने जबाबदारी टळत नाही.

या निकषावर मी माझी जुनी परीक्षणे काढून पाहिली. ‘या कवितेचे मूळ कुठे आहे, हे जाणकारांना सांगायला नको’ असे वाक्य एका तरुण कवीविषयी मी लिहिले होते. उसनवारीचा पुरावा माझ्याजवळ नव्हता. असता तर मी मूळ कविता शेजारी ठेवली असती. त्या कवीला उत्तर देण्याजोगे मी काही म्हटलेच नव्हते. तेव्हा त्या वाक्याला मी सूचक समजत होतो.

अनुवादात आता ‘संशय पेरतो’ असे लिहिले आहे.